दुकानात नसलेला गंधार

माझं काम नाही म्हणण्याचं होतं. त्याचा पगार मिळायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा माजही होता. पुण्यात बाणेरला कंपनीची नऊ मजली इमारत आहे. तिच्या चौथ्या मजल्यावर आम्ही अकरा परीक्षक बसायचो आणि जगभरातल्या साठ लाख माणसांच्या कानात कोणता प्रोग्राम जाईल, कोणता जाणार नाही, हे ठरवायचो.

ही साठ लाख माणसं म्हणजे ‘कर्णिका’ बसवलेली माणसं. कर्णिका हे नाव आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण ती आत काय करते हे फारसं कुणी विचारत नाही. कानामागच्या हाडात तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवतात. त्यातून निघालेली केसाहून बारीक तार आतल्या कानाच्या शंखात वेढे घेत उतरते. त्या तारेवर एकशे वीस टोकं असतात. बाहेरून आवाज आला की दाणा त्याचे एकशे वीस वाटे करतो आणि प्रत्येक टोक आपल्या वाट्याची विजेची टिचकी श्रवणाच्या नसेला देतं. नसेला वाटतं, ऐकू आलं. आपला मोबाइलही कधीच खिशातून उठून याच दाण्यात जाऊन बसलाय. फोन, निरोप, नकाशे, परक्या भाषेचा अर्थ, सगळं थेट आत.

त्या साठ लाखांत मी एक. चार वर्षांची असताना मेंदूज्वरानं माझे कान नेले आणि पस्तिसाव्या वर्षापर्यंत मी, यामिनी खांबेटे, लोकांच्या ओठांकडे बघत जगले. कर्णिका सुरू झाली त्या सकाळी मी पहिल्यांदा माझ्याच चपलांचा आवाज ऐकला आणि मागे कोण येतंय म्हणून वळून पाहिलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. तरी रोज सकाळी दाणा जागा होतो आणि सगळं जग एकदम आत येतं, तेव्हा मी अंथरुणावर दोन मिनिटं नुसती बसून असते. एवढ्याशा दाण्यात हे मावतं कसं, याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

या दाण्यात प्रोग्राम टाकायचा तर दार एकच, कंपनीचं दुकान. दुकानात नाही ते कानात नाही. लोक चिडायचे. कान माझा, हाड माझं, आणि कुलूप कंपनीचं कसं, म्हणायचे. त्यावर माझ्याकडे उत्तर तयार असे. सहा वर्षांपूर्वी हे दार उघडं होतं. तेव्हा समुद्राकाठच्या एका परक्या गावात कुणा हौशी माणसानं केलेला, आवाज वाढवणारा एक प्रोग्राम लोकांनी घेतला आणि एका दुपारी अकरा सेकंद त्यांच्या नसांत भलतीच वीज गेली. दोनशे बारा माणसांच्या नसा कायमच्या जळाल्या. कंपनीकडून चौकशीसाठी मीही गेले होते. तिथे एक बाई तान्हं मूल मांडीवर घेऊन आपल्या कानामागे बोटानं टकटक करत बसली होती, बंद पडलेलं घड्याळ हलवून बघावं तशी. त्यानंतर कंपनीनं दार लावलं, परीक्षक नेमले, परीक्षकांसाठी संहिता लिहिली. मी हजारो वेळा नाही म्हटलं आणि मला शांत झोप लागली.

‘जवारी’ नावाच्या प्रोग्रामलाही मी सहा वेळा नाही म्हटलं होतं. अर्जदार तस्नीम शिकलगार, मिरज. कारण प्रत्येक वेळी एकच. प्रत्येक दाण्यात आम्ही एक गाळणी ठेवलेली असते. ती माणसाचं बोलणं राखते आणि खरखर, झिणझिण, सळसळ असा सगळा कचरा काढून टाकते. हा प्रोग्राम त्या गाळणीला वळसा घालून मागे जायचा. आमचं तपासणी यंत्र लाल शेरा मारायचं, मी खाली सही करायचे.

मग सातवा अर्ज आला. सहा नकारांनंतरही अर्ज आला तर परीक्षकानं स्वतः जाऊन भेटायचं, असं संहितेत होतं. हेतू चांगला होता. तोंडावर नाही ऐकलं की माणूस आठवा अर्ज करत नाही.

*

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भर दुपारी पोचले. गल्लीभर लाकडाच्या भुशाचा आणि लाखेचा वास. शिकलगारांच्या दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगले होते, कोपऱ्यात अर्धवट झालेले तंबोरे भिंतीला टेकून उभे होते, आणि बैठकीवर चांदसाहेब शिकलगार बसले होते. सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा माणूस. त्यांच्या उजव्या कानामागे माझ्यासारखीच बारीक खूण होती.

“या बाई, बसा,” ते म्हणाले. “पुण्यास्नं आलासा, दमला असशिला. आधी च्या घ्या, मग काय न्हाई म्हणायचं ते म्हणा.”

चहा घेऊन आली ती तस्नीम, त्यांची मुलगी. चाळिशीची, सांगलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. सहा नकार पचवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो राग असायला हवा तो तिच्या चेहऱ्यावर नव्हता. ती वर्गात शिकवायला उभी राहावी तशी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, जवारी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे?”

“वाचलंय,” मी म्हटलं.

चांदसाहेबांनी हाडाची एक पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर लांब, गुळगुळीत. “ही तंबोऱ्याची घोडी. हिच्यावरनं तार जाती. सपाट दिसती न्हवं? सपाट न्हाई. हिला उतार हाय. डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला बी लागत न्हाई. कानालाच कळतो. तो उतार कानशीनं घासून काढायचा, म्हंजे जवारी काढायची. घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचा आन् आवाज खुलतो का बघायचं.”

तस्नीमनं पुढचं सांगितलं. छेडलेली तार एकच सूर देत नाही. तिच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे सूर दडलेले असतात. साध्या घोडीवर ते लगेच विरतात. पण त्या नाजूक उतारावर तार सेकंदाला शेकडो वेळा घासत राहते आणि प्रत्येक स्पर्शासरशी आतले सूर एकेक करून वर येतात. “पाचवा वर आला की गंधार ऐकू येतो, मॅडम. चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नसते. कुणीही तो छेडत नाही. तरी येतो. गवई लोक त्याला स्वयंभू म्हणतात.”

मी मान डोलावली. मला तंबोरा म्हणजे ‘टण’. चार वेळा टण, मग पुन्हा चार वेळा टण. लोक त्यात डोळे मिटून काय बसतात, हे मला कधी कळलं नव्हतं.

“आता बाई, माझी चूक ऐका,” चांदसाहेब म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी एका तापात दिलेल्या इंजेक्शनांनी त्यांचे कान गेले. वर्षाच्या आत कर्णिका बसली. “दुसऱ्याच दिवशी पोरीचा आवाज ऐकला. कंपनीला मी दुवाच देतो, खोटं कशाला बोलू. पण बैठकीवर बसलो, तार छेडली, तर मेलेली. मला वाटलं घोडीच बंद हाय. जवारी उघडायला कानस मारली. उघडंना. आनखी मारली. तरी उघडंना.”

“आम्हीच ती गाळून टाकत होतो,” मी म्हटलं.

“ते आत्ता कळलं. तवा काय ठावं? मी घासतच गेलो. मोठमोठे गवई यायचे, तंबोरा छेडायचे, ‘वा चाचा’ म्हणायचे आन् घेऊन जायाचे. चार वर्सं. मग एक दिस लाकूड चिकटवायचा सरस संपला म्हणून गल्लीच्या टोकाला पुतण्याच्या दुकानी गेलो. तिथं एका पाटीत घोड्या पडलेल्या. पाटीभर. माझ्या हातच्या. माझ्या दुकानातनं निघालेला गवई सरळ तिथं जायाचा आन् घोडी बदलून घ्यायचा.” त्यांनी माझ्या हातातली पट्टी परत घेतली. “मला कुणी बोललं न्हाई. अदब केली सगळ्यांनी. चार वर्सं अदब केली.”

आठ महिन्यांपूर्वीची ही गोष्ट. त्या दिवसापासून त्यांनी कानस हातात धरली नव्हती. सहा पिढ्यांचं दुकान, आणि आता इथे नुसते भोपळे टांगलेले होते.

“अडचण काय आहे ते सांगते, मॅडम,” तस्नीम म्हणाली. “हा प्रोग्राम मी लिहिलाय, पण आजवर तो कुणीच ऐकलेला नाही. माझे कान चांगले आहेत, मला कर्णिका नाही. अब्बांना कर्णिका आहे, पण दुकानात नसलेला प्रोग्राम त्यांच्या दाण्यात शिरत नाही. गणितात बरोबर येतो. त्यापुढचं मला माहीत नाही.”

ती माझ्या कानाकडे बघत होती. का ते मला कळलं. दुकानाबाहेरचा प्रोग्राम ज्या दाण्यात चालतो असे दाणे जगात फार थोडे. परीक्षकांना कंपनीनं उघडी चावी दिलेली असते. माझ्या दाण्याला ती होती.

मी घाबरले. लाज कसली त्यात. माझ्या डोळ्यांपुढे मांडीवर मूल घेतलेली ती बाई आली. मी पुण्यात माझ्या टेबलाशी असते तर पटकन नाही म्हटलं असतं. पण चांदसाहेबांचा ‘अदब’ हा शब्द मनातून जाईना. आम्हीही या घराला सहा वेळा अगदी अदबीनं परत पाठवलं होतं, एकदाही न ऐकता.

“टाका,” मी म्हटलं.

*

पुतण्याच्या दुकानातून नीट जवारीचा एक तंबोरा आणून ठेवलेला होता. तस्नीमनं टॅबवर बोट फिरवलं, माझ्या कानात परवानगीचा टिंग वाजला. मी चावी फिरवली. तिनं तार छेडली.

काड्कन काहीतरी झालं आणि सगळं गेलं. तंबोरा गेला, रस्ता गेला, माझा श्वास गेला. तस्नीमचे ओठ हलत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते, लहानपणी बघायची तशी. घशात किंकाळी आली. ती बाहेर पडली की नाही ते मला कळलं नाही.

दोन सेकंदांनी सगळं परत आलं.

“मॅडम! मॅडम, ऐकू येतंय का?”

“येतंय,” मी म्हटलं. “लगाम लागला.”

लगाम म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं. त्या भयंकर दुपारनंतर कंपनीनं नवे दाणे केले. त्यांत तारेच्या तोंडाशीच एक पकड आहे. प्रोग्राम कुठलाही असो, वीज ठरलेल्या मापाच्या वर गेली की पकड ती तोडते आणि दोन सेकंदांनी पुन्हा जोडते. ती प्रोग्रामला बदलता येत नाही, कंपनीलाही बाहेरून बदलता येत नाही. जगातला प्रत्येक जुना दाणा काढून हा बसवून दिला, त्याला दोन वर्षं झाली. पकडीच्या चाचण्यांवर सही माझीच होती.

हे बोलता बोलता माझंच बोलणं मला ऐकू येऊ लागलं. सही माझी, पकड चोख, आणि नंतरची दोन वर्षं मी नस जळण्याच्या भीतीनं नाही म्हणत होते. पण विचार करायला वेळ नव्हता.

“पहिला धक्का जास्त झाला,” तस्नीम म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. “एक आकडा कमी केलाय. थांबायचं का?”

“छेडा.”

तिनं खर्जाची तार छेडली. टण झालं. आता संपायला हवं होतं, पण संपलं नाही. आवाज खाली जायच्या ऐवजी उमलायला लागला. त्याच्या आतून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा, आणि त्यांच्या कडांना एक झिणझिण होती, जी मी नऊ वर्षं कचरा म्हणून फेकत आले होते. एका तारेतून एवढी गर्दी बाहेर पडत होती आणि त्या गर्दीत कुणाचाच कुणाला धक्का लागत नव्हता. मग अगदी वर, सगळ्यांच्या माथ्यावर, एक सूर येऊन उभा राहिला. स्वच्छ आणि गोड.

मी तस्नीमच्या बोटाकडे पाहिलं. “तुम्ही कोणती तार वाजवताय?”

“खर्ज. एकच.”

“मग हे वर कोण आहे?”

तिचं बोट थांबलं. तिनं हळूच एक सूर गुणगुणला. तोच होता. मी नुसती मान हलवली आणि मला रडू आलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, कंपनीच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात, आणि मी एका परक्या दुकानात ढसाढसा रडले. असं काही जगात आहे, सगळे ऐकतात, आणि मला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सांगून कळलंही नसतं. तंबोरा थांबल्यावरही दुकान बोलत राहिलं. तस्नीमची साडी सळसळत होती, भुसा पायाखाली कुरकुरत होता, चांदसाहेबांच्या छातीत श्वास किंचित घरघरत होता. गाळणीपलीकडे एवढं जग पडून होतं.

“बरोबर हाय का?” चांदसाहेबांनी पुढे वाकून विचारलं. “जवारी बरोबर लागती का त्यात?”

मी डोळे पुसले. “चाचा, मला काय माहीत? मी पहिल्यांदाच ऐकतेय. उद्या तुम्ही मला वाईट जवारी ऐकवलीत तरी मी अशीच रडेन.”

म्हणजे ज्याला पारख होती त्याला ऐकू येत नव्हतं आणि जिला ऐकू येत होतं तिला पारख नव्हती. तस्नीमच्या कानांना बरंवाईट कळे, पण दाण्यातून काय पोचतंय ते तिला कधी कळणार नव्हतं. यावर इलाज संहितेतच होता. विषय परीक्षकाच्या ज्ञानाबाहेरचा असेल तर त्यानं तज्ज्ञ सहपरीक्षक नेमावा आणि तपासणीपुरती त्यालाही उघडी चावी द्यावी. आजवर आम्ही मेंदूचे डॉक्टर नेमले होते. पदवी हवी असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी फॉर्म उघडला. नाव, चांदसाहेब शिकलगार. पात्रता या रकान्यात मी ‘बावन्न वर्षे जवारी’ असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

*

चावी लगेच मिळाली आणि चांदसाहेबांच्या दाण्यात प्रोग्राम उतरला. तस्नीमनं पुतण्याचा तंबोरा पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

“माझा आण. शेवटचा.”

ती आत गेली आणि एक तंबोरा घेऊन आली. आठ महिन्यांची धूळ तिनं पदरानं पुसली. त्यांनी तार छेडली, आणि माझ्यासारख्या अडाणी कानालाही कळलं. सूर फुटून चिरकत होता, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा.

“हे मी केलं?”

“होय, अब्बा.”

ते पुन्हा पुन्हा छेडत राहिले. मला वाटलं, थांबवावं त्यांना. मग दिसलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे आणि तोंडावर हसू आहे. “आयला, किती वंगाळ हाय हे,” ते म्हणाले. “आन् मला ऐकू येतंय!”

त्यांनी नवी घोडी घेतली. आठ महिन्यांनी कानस हातात धरली. दोन हलके हात मारायचे, फुंकर घालायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवायची. पाऊण तास आम्ही दोघी हललो नाही. कानस एवढी हलकी फिरत होती की भुकटीही दिसत नव्हती, पण प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी उघडत होता. शेवटी त्यांनी तारेखाली दोरा सरकवला, केसभर मागे, केसभर पुढे, आणि गंधार आला. पुतण्याच्या तंबोऱ्यात तो वर येऊन उभा राहिला होता. इथे तो आधीपासूनच दुकानात होता आणि आम्हाला उशिरा दिसला, असं वाटलं. तस्नीमनं तोंडावर हात ठेवला. चांदसाहेब डोळे मिटून तार छेडत होते. माणसाच्या हातानं हाड घासून हे होतं, यावर माझा त्या क्षणी विश्वास बसत नव्हता आणि तो बसावा असंही वाटत नव्हतं.

त्यातच माझ्या कानात राजोपाध्ये सरांचा फोन वाजला. आमचे प्रमुख. नेमणुकीचा फॉर्म त्यांच्यापर्यंत पोचला होता. मी उठून दारात गेले.

“यामिनी, सुतारकाम करणाऱ्या माणसाला सहपरीक्षक?”

“तंबोऱ्याचं काम आहे सर. आणि प्रोग्राम सुरक्षित आहे. लगाम एकदा लागला, चोख लागला.”

“लागणारच. मला माहीत आहे.”

“मग दोन वर्षं आपण दार कशासाठी लावून बसलोय?”

ते वाईट गृहस्थ नव्हते. “हे बघ. गाळणीच्या मागे लोक गेले की प्रत्येकाचा कान वेगळा होईल. कुणाला डोकेदुखी, कुणाला गोंगाट. तक्रार घेऊन येतील ते आपल्याकडे. आज एका दारावर पहारा ठेवून भागतंय. आणि दुकान गेलं की कंपनीकडे उरतं काय? तांदळाचा दाणा. तू सही केलीस तर मला ती फिरवता येणार नाही, दोन परीक्षकांची सही कुणीच फिरवू शकत नाही, तो नियम आपणच केलाय. पण तुझी चावी मी आज काढून घेईन आणि उद्यापासून तू येऊ नकोस.”

मी परत येऊन बसले. नोकरी जाणार होती, ते कळलं. पण सरांचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून जास्त अवघड होतं. मी टॅबवरचा फॉर्म चांदसाहेबांपुढे धरला. खाली दोनच चौकटी होत्या, मंजूर आणि नामंजूर.

“तुमचा निकाल द्या, चाचा. हे फक्त तुमच्या कानापुरतं नाही. मंजूर म्हणालात तर साठ लाख लोकांना मिळेल. नामंजूर म्हणालात तर तुमचंही आज संध्याकाळी जाईल.”

त्यांनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. “सगळ्यांस्नी?” ते म्हणाले. “बाई, आमच्या घरात सात वर्सं कानस हातात देत न्हाईत. घराभायेर तर न्हाईच न्हाई. आडदांड हातात गेली की बिघडतं सगळं. कंपनी काय वंगाळ करती? त्येच तर करती.”

“आणि घरातल्या मुलींना किती वर्षांनी देतात, अब्बा?” तस्नीमनं विचारलं.

चांदसाहेबांनी मान वर केली.

“मी सहा वर्षांची असल्यापासून आतल्या दाराच्या पडद्यामागे बसून ऐकलंय,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुमची घोडी उघडली की मला आत कळायचं. तुमच्या घोड्या बिघडायला लागल्या तेही मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण मी काय बोलणार? मला त्यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाला असता. म्हणून मी फिजिक्सकडून गेले. मागच्या दारानं.”

चांदसाहेब तिच्याकडे बघत राहिले. चार वर्षं ज्यांनी अदब केली त्यांत आपली मुलगीही होती, आणि तिला अदब करायला आपणच शिकवलं होतं, हे त्यांना त्या वेळी उमगलं असावं. मला तरी त्यांच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं. त्यांनी कोरी घोडी उचलली, तिच्यावर कानस ठेवली आणि दोन्ही तिच्या हातात दिलं.

“घे. मार.”

तस्नीमनं कानस नीट धरली. तिनं घासलं, फुंकलं, पुन्हा घासलं. चांदसाहेबांनी तार चढवली, छेडली आणि लगेच बोलले, “बिघडवलीस.”

ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच. “कुठे?”

“हितं, कडेला दाबलीस. जोर कशाला लावतीस? दुसरी घे.”

“घोडी दुसरी मिळते, चाचा,” मी म्हटलं. “कान दुसरा मिळत नाही.”

“मग तो तुमचा लगाम कशापायी हाय?” ते म्हणाले. “जळू नये म्हणून पहारा ठेवा की नसंपाशी. दुकानाच्या दाराशी कशाला? आन् बिघडलं तर बिघडलं म्हणून सांगायला कोणतरी जवळ पायजे. मी दार लावून बसलो, तर माझंच बिघडलं आन् मलाच कळलं न्हाई.”

त्यांनी ‘मंजूर’वर अंगठा टेकवला. त्याखाली मी सही केली.

*

प्रोग्राम कंपनीच्या दुकानात लागला तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. तस्नीम दुसऱ्या घोडीवर होती. सव्वापाचला, तार वाजत असतानाच, गंधार गेला. माझ्या कानातून गेला, चांदसाहेबांच्याही गेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी शब्द पाळला होता, दोन्ही चाव्या बंद झाल्या होत्या. तंबोरा पुन्हा टण वाजत होता आणि एकट्या तस्नीमला तो पूर्ण ऐकू येत होता.

आता मला तो हवा तर इतरांसारखा दुकानातून घ्यायला हवा होता. मी दुकान उघडलं, चांदसाहेबांनाही उघडून दिलं. अठरा सेकंद लागले. सहा वर्षं मी या दुकानाच्या आतल्या बाजूला बसले होते, गिऱ्हाईक म्हणून बाहेर उभी राहून वाट बघण्याची ही पहिलीच वेळ. मग सूर एकावर एक चढत परत आले आणि चांदसाहेबांनी सुस्कारा सोडला.

तेव्हा मी खालचा आकडा पाहिला. आमच्या आधी तेराशे जणांनी ‘जवारी’ घेतला होता. मिरजेत हे काम करणारी घरं फार तर पंधरा-वीस, चांदसाहेब सोडले तर त्यांतल्या कुणालाही कर्णिका नाही. हे तेराशे कोण? जगाच्या कोणत्या कोपऱ्यांत बसून, आम्ही गाळून टाकलेलं काय ऐकायला ते इतकी वर्षं थांबले होते? आकडा बघता बघता चौदाशेच्या पुढे गेला.

खाली पहिला अभिप्राय आला होता. कुठल्या तरी परक्या भाषेतला, दाण्यानं मराठी करून सांगितलेला. मी तो मोठ्यानं बोलून दाखवला.

“तंबोरा काय असतो मला माहीत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्या बायकोचा आवाज किंचित घोगरा आहे, हे मला आज कळलं. फार सुंदर आहे.”

चांदसाहेबांनी कानस खाली ठेवली.

“त्येला सांगा,” ते म्हणाले, “जवारी हाय म्हणावं तिच्या गळ्यात.”